लिप फिलरची सूज उतरली आणि आता ओठ कमीच वाटतायत, टचअप कधी मागायचं?

निळीशाई:
नमस्कार मंडळी, मी पहिल्यांदाच लिप फिलर, म्हणजे ओठ भरीव करायचं जेलचं इंजेक्शन, करून घेतलं. सिरिंज एक एमएलची होती पण डॉक्टरांनी त्यातली निम्म्याच्या थोडी वर वापरली, म्हणाल्या पहिल्या वेळेला एवढं बास. दुसऱ्या दिवशी सकाळी ओठ इतके सुजलेले की 'प' आणि 'ब' म्हणायला दोन्ही ओठ नीट मिटेनात, मग हळूहळू उतरत गेले आणि मधे दोन-तीन दिवस जो आकार होता ना, अगदी तोच मला हवा होता. आता दहाएक दिवस झालेत आणि आरशात बघितलं की वाटतं निम्मं गेलं कुठे? शिवाय वरच्या ओठाला आतून जीभ फिरवली की उजवीकडे बारीक दाण्यासारखं काहीतरी लागतं, बाहेरून दिसत नाही, दुखतही नाही. फॉलोअपला अजून वेळ आहे. आत्ताच फोन करून टचअप, म्हणजे थोडं आणखी भरून, मागू का? आणि पुढचं फिलर साधारण किती महिन्यांनी करतात? कोणी सहा म्हणतं, कोणी वर्ष.

सायली_लिहिते:
अगं थांब, फोन कर पण टचअपसाठी नको करूस. तुला जो आकार आवडला तो फिलर अधिक सूज असा होता, आणि सूज तर जाणारच. पहिले दोन-तीन दिवस ती सगळ्यात जास्त असते, मग उतरते, पण आतली बारीक सूज जायला दोन आठवडे तरी जातात, काहींना चार. म्हणून तर फॉलोअप दोन ते चार आठवड्यांनी ठेवतात, त्याआधी बघितलं तर डॉक्टरांनाही नक्की काय राहिलंय ते कळत नाही. मला पण सूज उतरल्यावर असंच वाटायचं की सगळं विरघळून गेलं, पण आधीचा फोटो शेजारी ठेवला की फरक स्पष्ट दिसायचा. तू पण तेच कर, त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात, तोंड मिटून आणि हसून असे दोन फोटो काढ आणि आधीच्या फोटोशी ताडून बघ. आरशाच्या भरवशावर राहू नकोस, मधले सुजलेले दिवस डोक्यात बसलेले असतात आणि आपण नकळत त्याच्याशीच तुलना करतो.

डॉ_स्किनवाली:
मी हे काम रोज करते म्हणून थोडं सविस्तर लिहिते. दहाव्या दिवशी आतून दाणा लागणं खूप कॉमन आहे, जेल अजून आजूबाजूच्या टिश्यूत नीट बसलेलं नसतं, बहुतेक वेळा दोन-चार आठवड्यांत आपोआप मऊ होतं. स्वतःहून दाबून मसाज करू नका, तुमच्या डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल तरच. फॉलोअपलाही तो लागत असेल तर दाखवा.

आता टचअप. फॉलोअपला गेलं म्हणजे भरलंच पाहिजे असं अजिबात नाही, ती व्हिजिट बघण्यासाठी असते: दोन्ही बाजू सारख्या आहेत का, बॉर्डर नीट आहे का, हसताना कसं दिसतं. एखाद्या बाजूला कमी असेल तर अगदी थोडं घालतात, नाहीतर काहीच करत नाहीत आणि ते उत्तम. ओठ अजून भरीव हवे असतील तर ते एका बैठकीत उरकण्यापेक्षा काही आठवड्यांच्या अंतराने थोडं थोडं केलेलं चांगलं.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. पहिल्या वेळची उरलेली अर्धी सिरिंज "तुमच्यासाठी फ्रिजमध्ये जपून ठेवलीय" असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. ती एकदाच वापरायची असते, उघडली की उरलेली टाकायची, इन्फेक्शनचा धोका कशाला घ्यायचा. टचअपला नवीन सिरिंज तुमच्यासमोर फोडायला सांगा.

पुढच्या फिलरबद्दल, हायल्युरॉनिक अॅसिडचं फिलर (ओठात सहसा हेच जेल भरतात) साधारण 6 ते 12 महिने टिकतं. ओठ सतत हलतात म्हणून गालापेक्षा लवकर कमी होतं, आणि माणसागणिक फरक पडतो. पण सहा महिने झाले म्हणून जायचं असं वेळापत्रक लावू नका, कारण दिसायला कमी झालं तरी आत थोडं शिल्लक असतं. त्यावर दरवेळी पूर्ण सिरिंज भरत गेलं की ते ओठाच्या कडेबाहेर सरकतं, वरच्या ओठावर मिशीच्या जागी फुगवटा येतो आणि ओठाची रेघच पुसल्यासारखी होते. मग आणखी भरून ते सुधारत नाही, हायल्युरॉनिडेज देऊन विरघळवावं लागतं आणि पुन्हा भरायचं तर साधारण दोन आठवडे थांबावं लागतं. म्हणून दुसऱ्या वेळेला बहुतेकांना कमीच लागतं.

मोगरा२२:
डॉक्टरांनी सांगितलं त्यात एक जोडते, कारण टचअपच्या वेळेला माणूस निर्धास्त असतो, आधी केलंय ना काही झालं नाही ना म्हणून. सुई तीच, रक्तवाहिन्याही त्याच, त्यामुळे धोकाही तोच. ओठ किंवा भोवतीची कातडी पांढरी पडली, जाळीसारखे निळसर-जांभळे डाग आले, दुखणं वाढतच चाललं, तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी डॉक्टरांना गाठायचं, रक्तप्रवाह अडलेला असू शकतो आणि तिथे तास मोजायचे असतात. नुसता काळानिळा डाग वेगळा, तो आठवड्या-दीड आठवड्यात जातो. आणि जिथे करणार तिथे हायल्युरॉनिडेज हाताशी आहे का हे आधी विचारा, यात लाजायचं काही नाही.

निळीशाई:
थँक्यू सगळ्यांना, खूप हायसं वाटलं. फोटो ताडून बघितले, फरक आहे की चांगलाच! अजून एकच, मला मधूनमधून ओठावर तापाचे फोड येतात आणि पुढच्या आठवड्यात रूट कॅनालची अपॉइंटमेंट आहे, फॉलोअपच्या आसपासच. चालेल का?

डॉ_स्किनवाली:
बरं झालं विचारलंत. फोडांचं तुमच्या डॉक्टरांना आत्ताच सांगा, सुईने ते पुन्हा उठू शकतात म्हणून टचअप करायचं ठरलं तर आधीपासून अँटीव्हायरल गोळ्या सुरू करतात, आणि फोड आलेला असताना फिलर करतच नाहीत. दातांचं काम आणि फिलर यात मागेपुढे साधारण दोन आठवड्यांचं अंतर ठेवतात, तोंडातले जंतू रक्तात जाऊ शकतात म्हणून. पण दात दुखत असेल किंवा इन्फेक्शन असेल तर रूट कॅनाल पुढे ढकलू नका, डेंटिस्टना फिलर झाल्याचं सांगा म्हणजे ते ओठ जास्त ताणणार नाहीत. फॉलोअपला नुसतं दाखवायला खुशाल जा, टचअप दात पूर्ण बरा झाल्यावर.

निळीशाई:
ओके, दोन्हीकडे उद्या फोन करून सांगते.