जिंको बिलोबा बाबांना द्यावं का? (अँजिओप्लास्टी झालेली आहे)

मुलुंडची_लेक:
नमस्कार मंडळी. माझे बाबा ७४ वर्षांचे, लालबागला राहतात. बेस्टमध्ये कंडक्टर होते. कुठली बस कुठून सुटते, कुठल्या स्टॉपपर्यंत तिकीट किती, सगळं तोंडपाठ. अलीकडे नावं आठवत नाहीत, एकच गोष्ट दोनदा सांगतात. परवा गॅसवर दूध ठेवून पेपर आणायला खाली उतरले.

न्यू जर्सीहून आत्या आली होती. तिने जिंको बिलोबाची बाटली आणली आहे. १२० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ एकेक. तिकडे सगळे घेतात म्हणे, झाडाच्या पानांचं औषध, अपाय काही नाही. बाबांना इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल चालू आहे. पुढच्या आठवड्यात दाढ काढायची आहे. बाटली अजून उघडलेली नाही, पण बाबा रोज विचारतात, "ताईने आणलेली गोळी कधी सुरू करायची?" कुणाला माहिती आहे का?

गोरेगावकर:
माझ्या आईने कानात सतत आवाज येतो म्हणून घेतली होती. सुरुवातीला डोकं दुखायचं, पोट बिघडायचं. कानातला आवाज होता तसाच. ईएनटीच्या डॉक्टरांनी बंद करायला सांगितली. स्मरणशक्तीचं मला माहीत नाही, पण हृदयाच्या पेशंटला मनाने काही देऊ नका.

परळ_केमिस्ट:
ताई, बाटली उघडली नाहीत हे फार बरं केलंत. दाढ निघेपर्यंत तर ती बंदच राहू दे, आणि पुढेही हृदयाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही कॅप्सूल नको.

परळला माझं मेडिकल आहे, बरीच वर्षं काउंटरवर उभी असते. स्मरणशक्तीची गोळी मागायला माणसं येतात तेव्हा मी आधी सांगते, घरात चालू असलेली सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा. बाबांची पिशवी तुम्ही इथेच ओतलीत, म्हणून नीट बोलता येतंय.

रक्त गोठायला रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी एकमेकींना चिकटाव्या लागतात. इकोस्प्रिन, म्हणजे ॲस्पिरिनच, त्यांना एका वाटेने अडवते, क्लोपिडोग्रेल दुसऱ्या. अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेली जाळी, म्हणजे स्टेंट, बंद पडू नये म्हणून डॉक्टरांनी हे मुद्दाम केलेलं असतं. जिंकोच्या पानांत जिंकगोलाइड नावाची द्रव्यं असतात, त्यातलं जिंकगोलाइड-बी प्लेटलेटना चेतवणाऱ्या एका घटकाच्या आड येतं. म्हणजे ही तिसरी वाट. १९९७ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ७० वर्षांच्या गृहस्थांची नोंद आली होती. ॲस्पिरिन आधीपासून चालू, त्यात जिंको सुरू केलं आणि आठवडाभरात डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त उतरलं. जिंको थांबवलं, ॲस्पिरिन तसंच ठेवलं, पुन्हा त्रास झाला नाही. एका माणसावरून नियम होत नाही, आणि नुसतं जिंको घेणाऱ्यांच्या मोठ्या अभ्यासांत रक्तस्राव स्पष्ट वाढलेला दिसला नाही, हेही सांगते. पण तुमच्या बाबांच्या अंगात आधीच दोन गोळ्या आहेत आणि दाढ काढायची आहे. इथे परीक्षा कशाला पाहायची?

बरं, जोखीम घेऊन मिळणार काय? आत्याबाईंनी सांगितलेला डोस, १२० मिलिग्रॅम दोनदा, अमेरिकेत नेमका तपासून झाला आहे. ७५ वर्षं किंवा त्याहून मोठे ३०६९ लोक, सुमारे सहा वर्षं पाठपुरावा, निष्कर्ष २००८ साली आले. जिंको घेणाऱ्यांपैकी २७७ जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश झाला, नुसती दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांपैकी २४६ जणांना. डिमेन्शिया टळला नाही. फ्रान्समध्येही मोठा अभ्यास झाला, २०१२ साली त्याचंही उत्तर तेच आलं.

आता माझा प्रश्न. बाबा माळकरी आहेत का? मेटफॉर्मिन किती वर्षं चालू आहे? मला जिंकोपेक्षा याची जास्त काळजी वाटते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं, पॅन्टोप्राझोल बराच काळ घेतल्यानेही होतं, आणि जेवण शाकाहारी असेल तर आत येणारं बी-१२ मुळातच थोडं. बी-१२ कमी झालं की विसराळूपणा येतो, पायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो. आणि हे वेळेत सापडलं तर सुधारता येतं! म्हणून बी-१२ आणि थायरॉइड दोन्ही तपासायला डॉक्टरांकडून लिहून घ्या. ऐकू नीट येतं का तेही पाहा, कारण ऐकूच आलं नाही तर आठवणार कुठून. आई नसतील आणि बाबा एकटे असतील तर उदासपणही विसराळूपणासारखा दिसतो. झोपेची गोळी किंवा सर्दीची गोळी अधूनमधून घेतात का, हे जरूर विचारा. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, या वयात ते डोक्यावर झापड आणतं. माणसं तिला औषधात धरतच नाहीत, यादीत सांगायची राहून जाते.

पार्लेकर:
तुमचा अनुभव मोठा, पण एक बाजू राहिली. जर्मनीत डॉक्टर जिंको लिहून देतात. युरोपच्या औषध संस्थेनेही मान्यता दिली आहे ना? मग सरसकट निकामी कसं म्हणायचं?

परळ_केमिस्ट:
निकामी म्हटलेलं नाही दादा, आजार टळत नाही असं म्हटलं. तुमचा मुद्दा खरा आहे. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने २०१५ साली वयोमानाने येणारा विसराळूपणा आणि सौम्य डिमेन्शिया यांसाठी दिवसाला २४० मिलिग्रॅम ठरावीक अर्काचा उपयोग मान्य केला आहे. आधीच डिमेन्शिया असलेल्यांत काही अभ्यासांत थोडा फायदा दिसला, काहींत नाही. पण तो अर्क औषधाच्या शिस्तीत बनतो. पानांतली कामाची द्रव्यं मोजून, फ्लेव्होनॉइड ग्लायकोसाइड सुमारे २४ टक्के, टर्पीन लॅक्टोन सुमारे ६ टक्के, आणि जिंकगोलिक आम्ल दहा लाखांत ५ भागांच्या आत, कारण ते त्रासदायक. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांचं तसं नसतं. २४ टक्क्यांचा आकडा गाठायला दुसऱ्या झाडांचं स्वस्त रुटिन (तेही एक फ्लेव्होनॉइडच) मिसळल्याचं तपासण्यांत सापडलेलं आहे. आपल्याकडे अशा पूरक आहाराच्या डबीवर औषधी वापरासाठी नाही, असं छापावंच लागतं. ती ओळ वाचा आणि मग ठरवा.

आणि कुणाच्या घरी फिट येणारं माणूस असेल तर जिंको दूरच ठेवा. त्याच्या बियांत जिंकगोटॉक्सिन असतं, ते बी-६ च्या कामात अडथळा आणतं. कच्च्या बिया जास्त खाल्ल्याने झटके आल्याच्या नोंदी आहेत. पानांच्या अर्कात ते फार थोडं असतं, तरी फिटच्या गोळ्या चालू असताना नको. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन घेणाऱ्यांनाही नको.

मुलुंडची_लेक:
परळताई, बाबा माळकरीच आहेत, दर आषाढीला पंढरपूरला जायचे. मेटफॉर्मिन दहाएक वर्षं तरी चालू असेल. आई तीन वर्षांपूर्वी गेली. पायाला मुंग्या येतात हे त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं, काल मी विचारल्यावर म्हणाले, "वयाचं आहे." उद्या फॅमिली डॉक्टरांकडे जातोय, बी-१२ आणि थायरॉइड लिहून घेते. एक शंका: दाढेसाठी इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल आधीच बंद करावी का? शेजारच्या काकांनी तसं सांगितलं. आणि आत्याला काय सांगू? तिला वाईट वाटेल.

परळ_केमिस्ट:
अजिबात नाही! त्या दोन गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून घरी बंद करायच्या नाहीत. अचानक थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. दाढेचं रक्त दाबून धरून थांबवता येतं, ती गुठळी तशी थांबत नाही. दातांच्या डॉक्टरांना दोन्ही नावं आधीच सांगा, अँजिओप्लास्टी कधी झाली तो कागद सोबत न्या, आणि त्यांना हृदयाच्या डॉक्टरांशी बोलू द्या.

आत्याबाईंना सांगा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत म्हणून डॉक्टर थांबा म्हणालेत. बाटली बाबांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, तुमच्यासोबत मुलुंडला घेऊन जा. उद्या रक्त देऊन झालं की रिपोर्टमधला बी-१२ चा आकडा इथे टाका. इंजेक्शन लागतील की गोळ्या पुरतील ते डॉक्टर ठरवतील, पण तोवर बाजारातली बी-१२ ची गोळी आधीच सुरू करू नका, नाहीतर तपासणीत खरा आकडा दिसणार नाही.