मदत हवी आहे : ज्येष्ठांना प्रिंट काढणे कसे शिकवावे?

नमस्कार. वडोदऱ्यात दांडिया बाजार परिसरात आम्ही तिघेजण दर रविवारी ज्येष्ठ मंडळींना संगणक शिकवतो. टंकलेखन आणि ईमेल त्यांना जमू लागले आहे; घोडे अडते ते प्रिंट काढताना.

मुख्य अडचण अशी, की कागद लगेच बाहेर आला नाही तर मंडळी तेच बटण चार-पाच वेळा दाबतात आणि मग प्रिंटर जागा झाला की पाच पानांच्या अर्जाची पंचवीस पाने बाहेर पडतात. प्रत्येक दाबण्यागणिक छपाईच्या रांगेत साठलेली कामे रद्द करणे, तेवढ्याने न भागल्यास प्रिंट स्पूलर (ही रांग सांभाळणारी संगणकातील सेवा) बंद करून पुन्हा सुरू करणे मला येते; परंतु ही न दिसणारी रांग शिकणाऱ्याला कशी समजावावी, हे सुचत नाही. रेशनच्या रांगेचा दाखला देऊन पाहिला, तर चर्चा रेशनवरच गेली.

कागदाच्या मापाचाही घोळ होतो. आपला कागद ए-फोर, म्हणजे २१० × २९७ मिमी, आणि सेटिंग मात्र अमेरिकन लेटरचे, म्हणजे सुमारे २१६ × २७९ मिमी. त्यामुळे कधी कडेचा मजकूर कापला जातो, तर कधी प्रिंटर कागदच नाकारतो.

छपाईपूर्वी प्रिंटर, माप, पाने आणि प्रती तपासायला लावणारे, मोठ्या अक्षरांतील एखादे मराठी पान कोणी तयार केले आहे का? आणि पडद्यावरील इंग्रजी शब्द त्यात तसेच ठेवावेत की मराठीत द्यावेत?