शिक्षकाला मान आणि पगार दोन्ही कोणत्या देशात मिळतात?

दांडियाबाजारकर (बडोदे)

नमस्कार. माझी भाची गणितात एम.एस्सी. आणि नंतर बी.एड. झाली असून माध्यमिक शिक्षकांची 'टाट' परीक्षाही ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आहे. तूर्त तिच्यापुढे 'ज्ञानसहायक' म्हणून रुजू होण्याचा पर्याय आहे, म्हणजे ११ महिन्यांचा करार आणि दरमहा २४,००० रुपये. अलकापुरीतला एक शिकवणी वर्ग तिला याहून अधिक द्यायला तयार आहे, परंतु तिला शाळेतच शिकवायचे आहे. तिच्यासाठी स्थळे पाहताना 'मुलगी शिक्षिका आहे' हे ऐकून समोरची मंडळी 'फार छान' म्हणतात. हीच नोकरी मुलाची असती, तर 'कायम आहे का?' हा प्रश्न त्याच श्वासात आला असता, हे आम्ही सगळेच जाणतो.

या निमित्ताने थोडे वाचन केले. वार्की फाउंडेशन या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेने २०१८ साली ३५ देशांत शिक्षकांच्या सामाजिक स्थानाची पाहणी केली होती. तीत चीन पहिला आणि ब्राझील शेवटचा आला. पगाराच्या तक्त्यांत मात्र लक्झेंबर्ग सर्वांत वर दिसतो आणि ज्या फिनलंडचे नाव शिक्षणाच्या चर्चेत सतत घेतले जाते, तो देश बराच मधे आढळतो. मान आणि पगार यांचा एकमेकांशी खरोखर संबंध आहे का? परदेशात राहणाऱ्या किंवा या पेशात आयुष्य घालवलेल्या सदस्यांनी कृपया अनुभव लिहावा.

वाडीतले निवृत्त मास्तर

आपल्या भाचीचे अभिनंदन. मी बडोद्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत ३४ वर्षे शिकवले, त्यामुळे माझ्या मताला थोडा पेशाचा रंग असणार, तो वजा करून वाचावे.

चीनचा पहिला क्रमांक पाहून लोक लगेच कन्फ्यूशियसपर्यंत जातात. परंतु त्याच चीनमध्ये १९६६ नंतर सांस्कृतिक क्रांतीच्या काळात विद्यार्थ्यांनी शिक्षकांना भर चौकात मारहाण केली आणि बुद्धिजीवींना 'दुर्गंधी नववा वर्ग' असे हिणवले गेले. पुढे १९८५ पासून १० सप्टेंबर हा शिक्षक दिन ठरला आणि १९९३ च्या शिक्षक कायद्यात शिक्षकांचे सरासरी वेतन सरकारी अधिकाऱ्यांच्या सरासरीपेक्षा कमी नसावे, असे लिहिले गेले. सर्व ठिकाणी ते पाळले गेले असे मी म्हणणार नाही, पण कायद्यात लिहिलेले असले म्हणजे निदान त्यावर बोट ठेवून भांडता येते. अडीच हजार वर्षांची परंपरा दहा वर्षांत पायदळी जाऊ शकते आणि मान पुन्हा उभा करायला सरकारला पैसे मोजावे लागतात, एवढे तरी यातून दिसते.

आपल्याकडे मानाचा उपयोग नेमका उलट होतो. पगार कमी पडला की तेथे मानाची भर घातली जाते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य दरमहा ७५ रुपयांवर राबले, हा दाखला मला आजवर किती सभांत ऐकावा लागला याची गणती नाही, आणि तो देणारे बहुधा स्वतः वेतन आयोगाची थकबाकी मोजत बसलेले असत. गोखले, आगरकर यांनी केलेला त्याग मोठाच होता, कारण त्यांना याहून पुष्कळ अधिक मिळवता आले असते. तो त्यांनी स्वतः निवडलेला होता आणि संस्थाही त्यांचीच होती. तरीसुद्धा १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले त्या वादात सदस्यांनी बाहेरची मिळकत करावी की नाही, हा एक मुद्दा होताच. ११ महिन्यांच्या करारावर घेतलेल्या मुलीला त्यागाची गोष्ट सांगण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो, हे मला कळत नाही.

आणखी एक गोष्ट. अशा कमी मानधनाच्या नेमणुकांची नावे पाहा. गुजरातेत विद्यासहायक आणि आता ज्ञानसहायक, महाराष्ट्रात २००० सालापासून शिक्षणसेवक (सुरुवातीचे मानधन ३,००० रुपये), शेजारच्या मध्य प्रदेशात पूर्वी शिक्षाकर्मी. सेवक, सहायक, कर्मी अशी सगळी नावे आहेत, 'शिक्षक' हा शब्द तेवढा टाळलेला आहे. नावात शिक्षक आले की वेतनश्रेणी द्यावी लागते. ज्या सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला, आणि ज्यांच्या बडोद्याचा दाखला गोखल्यांनी १९११ च्या आपल्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकासाठी दिला, त्यांच्याच गावात आज हे चालले आहे.

इसारकाठची बडोदेकर (म्युनिक)

दांडियाबाजारकरांनी लिहिलेल्या 'कायम आहे का?' या मुद्द्याला जर्मनीतून दुजोरा देते. माझ्या मुलांना शिकवणारे बहुतेक शिक्षक 'बेआम्टे' म्हणजे कायम सरकारी सेवक आहेत. ही नेमणूक मिळवायला विद्यापीठात बहुधा दोन विषय शिकून पदव्युत्तर पदवी घ्यावी लागते, त्यानंतर शाळेत दीड ते दोन वर्षांची उमेदवारी आणि शेवटी पुन्हा राज्याची परीक्षा. वाट लांब आहे, परंतु ती ओलांडली की नोकरी सहसा जात नाही आणि पगार इतर पदवीधरांच्या पंक्तीला शोभतो. घर घेताना बँकही त्यांच्याकडे प्रसन्न मुद्रेने पाहते. किंमतही मोजावी लागते: बेआम्टे शिक्षकांना संप करता येत नाही. २०१८ मध्ये येथील घटना न्यायालयाने आणि २०२३ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ही बंदी उचलून धरली.

आपल्या भाचीच्या दृष्टीने अडचण अशी की भारतीय पदवीत बहुधा एकच मुख्य विषय असतो, त्यामुळे मान्यता अर्धवट मिळते आणि जर्मन भाषा तर अगदी वरच्या पातळीची लागते. मी स्वतः पुण्याची बी.एड. आहे आणि येथे शाळेनंतरच्या पाळणाघरात काम करते. तक्रार नाही, पण माहिती असावी म्हणून लिहिले.

फिनलंडबद्दल एवढेच, की तेथे १९७० च्या दशकात शिक्षक-प्रशिक्षण विद्यापीठांत गेले आणि पदव्युत्तर पदवी सक्तीची झाली. पगार अफाट नाही, पण वर्गात काय आणि कसे शिकवायचे यात कोणी फारशी ढवळाढवळ करत नाही. १९९० च्या दशकात तर शाळा तपासणीची पद्धतच बंद झाली. निरीक्षक येणार म्हणून आठवडाभर भिंती रंगवणाऱ्या आपल्या शाळा मला यावरून आठवल्या.

नागोयातून

जपानमध्ये 'सेन्सेई' (गुरुजी) या शब्दाला अजून वजन आहे, परंतु नुसत्या वजनावर माणूस टिकत नाही. १९७१ च्या कायद्याने सरकारी शाळांतील शिक्षकांना जादा कामाचा वेगळा मोबदला बंद करून मूळ पगाराच्या ४ टक्के भत्ता सरसकट ठरवून दिला. तो आकडा १९६६ च्या पाहणीतल्या महिना सुमारे ८ तासांच्या जादा कामावर बेतलेला होता. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत जपानी माध्यमिक शिक्षक आठवड्याला ५६ तास काम करताना आढळले, सहभागी देशांत सर्वाधिक. संध्याकाळचे क्रीडामंडळ, शनिवारचे सामने, पालकांचे फोन, सगळे त्याच ४ टक्क्यांत.

परिणाम भरतीत दिसतो. २००० साली एका जागेसाठी १३ हून अधिक उमेदवार परीक्षेला बसत, ते प्रमाण २०२३ पर्यंत ३.४ वर आले. आता २०२५ च्या दुरुस्तीने भत्ता टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर नेण्याचे ठरले आहे. शेजारच्या कोरियात तर जुलै २०२३ मध्ये सोल येथील एका तरुण शिक्षिकेने शाळेतच जीवन संपवले. त्यानंतर पालकांच्या जाचाविरुद्ध हजारो शिक्षक आठवडे-आठवडे रस्त्यावर उतरले, तेव्हा सप्टेंबरमध्ये कायदे बदलले. कोरियात अनुभवी शिक्षकाचा पगार देशाच्या मानाने उत्तम समजला जातो, हे लक्षात घ्या.

मांजलपूर क्लासेस

सर्वांविषयी आदर राखून लिहितो. आमच्या गावात गणिताच्या चांगल्या शिक्षकाला पैसे मिळतात, ते शाळेत मिळत नाहीत एवढेच. पालक मुलाची शाळा चुकवतील, शिकवणी चुकवणार नाहीत. भाचीने आधी दोन वर्षे क्लास घ्यावा, मग शाळेचा विचार करावा.

दांडियाबाजारकर (बडोदे)

सर्वांचे मनापासून आभार. भाचीने सगळे वाचले. मांजलपूरच्या सदस्यांचा सल्ला तिला पटला नाही. तिच्या मते क्लासमध्ये ज्यांना आधीच येते तीच मुले येतात.

तिने इंग्लंडची माहिती काढली आहे. फेब्रुवारी २०२३ पासून भारतातील गणित, विज्ञान आणि भाषांच्या पात्र शिक्षकांना तेथील शिक्षक-दर्जासाठी थेट अर्ज करता येतो आणि लंडनबाहेर सुरुवातीचा पगार २०२४ मध्ये वर्षाला ३१,६५० पौंड होता. तेथेही नव्या शिक्षकांपैकी सुमारे एकतृतीयांश पाच वर्षांत सरकारी शाळा सोडतात, हे तिनेच मला दाखवले. परंतु अर्जासाठी बी.एड. नंतरचा शिकवण्याचा अनुभव हवा. तेव्हा ती ज्ञानसहायक म्हणून रुजू होण्याच्या विचारात आहे. मास्तर, करारावरच्या अनुभवाचे कागद शाळा नीट देतात का?

वाडीतले निवृत्त मास्तर

मागितले तर देतात, न मागता देत नाहीत. रुजू झाल्याच्या दिवशीच नेमणूकपत्राची सही-शिक्क्यासह प्रत घ्यायला सांगा. दर सत्राअखेर विषय, इयत्ता आणि आठवड्याच्या तासिका लिहिलेले प्रमाणपत्र मुख्याध्यापकांकडून घ्यावे. ११ महिने संपल्यावर मुख्याध्यापक बदललेले असतात आणि नवे म्हणतात, 'मी तुम्हाला ओळखत नाही.' मसुदा हवा असल्यास मी लिहून देईन, रविवारी सकाळी घरीच असतो.