पद्मिनीच्या मूळ रेडिओला हात न लावता त्यावर फोनमधील गाणी वाजवता येतील का?

टिळकवाडीची_पद्मिनी:
नमस्कार मंडळी. आमच्या घरी 1976 सालची प्रीमियर पद्मिनी आहे आणि गाडी घेतली त्याच वर्षी वडिलांनी बसवून घेतलेला ट्रान्झिस्टरचा रेडिओ आजही तिच्या डॅशबोर्डमध्ये सुस्थितीत आहे. त्यावर केवळ मीडियम वेव्ह लागते. 765 किलोहर्ट्झवरील धारवाड आकाशवाणी लावल्याशिवाय वडील गाडी फाटकाबाहेर काढत नसत. आता त्यांना सुळेभावीकडे जाताना कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने ऐकायची असतात, कारण कुमारांचा जन्म 1924 साली त्याच गावी झाला, आणि ती भजने माझ्या फोनमध्ये आहेत. बाजारात मिळणारा छोटा एफएम ट्रान्समीटर इथे उपयोगाचा नाही, कारण या रेडिओला एफएम नाहीच. शहरातील एका दुकानात विचारले असता, आतील सर्व भाग काढून टाकून जुन्या दर्शनी पट्टीमागे ब्लूटूथचा तयार बोर्ड बसवावा, असे सांगण्यात आले. मला ते मान्य नाही. नवीन जोडलेले उद्या काढले, तर रेडिओ पूर्वीसारखाच वाजला पाहिजे आणि डॅशबोर्डला एकही नवे भोक पडता कामा नये. असा मार्ग आहे का?

निपाणीचा_रेडिओवाला:
दादा, तो बोर्ड बसवू दिला नाहीत हे फार चांगले केले. आतील भाग एकदा भंगारात गेला की तसाच रेडिओ पुन्हा मिळत नाही.

तुमच्यासमोर दोन मार्ग आहेत. पहिल्यात रेडिओ उघडावाही लागत नाही. एएम मॉड्युलेटर नावाचे लहान उपकरण एरियलची तार आणि रेडिओ यांच्या मध्ये जोडतात. ते फोनमधील आवाज मीडियम वेव्हच्या एखाद्या रिकाम्या जागी आणून ठेवते आणि आपण धारवाड लावतो तसे ते केंद्र डायलवर लावायचे. मात्र मीडियम वेव्हच्या रेडिओतून साधारण चार-पाच किलोहर्ट्झच्या वरचे सूर बाहेर पडत नाहीत, त्यामुळे गळा चांगला ऐकू येईल, पण तंबोऱ्याची झणकार बरीचशी हरवेल. कुमारांच्या गाण्यात तंबोरा किती महत्त्वाचा आहे, हे तुमच्या वडिलांना मी सांगायला नको.

म्हणून मी दुसरा मार्ग सुचवतो. अशा रेडिओत डिटेक्टरच्या, म्हणजे रेडिओलहरीतून आवाज वेगळा काढणाऱ्या भागाच्या, डायोडनंतर आवाज वेगळा होतो आणि तिथून तो व्हॉल्यूम कंट्रोलकडे जातो. व्हॉल्यूम कंट्रोलच्या वरच्या टोकाला येणारी ती एकच तार सोडवून तिथे दोन बाजूंची कळ बसवावी: कळ एका बाजूला असताना डिटेक्टर जोडलेला राहील आणि दुसऱ्या बाजूला केल्यावर फोन. ट्यूनिंगचा सर्व भाग अशा रीतीने वगळला जात असल्यामुळे आवाजाला ती चार-पाच किलोहर्ट्झची मर्यादा राहत नाही. फोनकडून येणाऱ्या तारेत साधारण 4.7 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अवश्य घालावा, म्हणजे रेडिओतील डीसी दाब फोनकडे जाणार नाही. फोनचे डावे आणि उजवे चॅनेल थेट एकमेकांना जोडू नयेत, कारण तसे केल्यास एका चॅनेलचा ॲम्प्लिफायर दुसऱ्याला ओढत राहतो. प्रत्येकात एक किलो-ओहमचा रेझिस्टर घालून मगच ते एकत्र करावेत. तार जाळीच्या आवरणाची वापरावी आणि ती मागील पत्र्यातील मूळ भोकातूनच बाहेर काढावी. कळ डॅशबोर्डखाली क्लिपने अडकवता येते. काढायचे ठरले, तर सोल्डरचा एक डाग उकलून जुनी तार परत लावली की काम झाले.

स्पीकर सुटलेला असताना मात्र रेडिओ कधीही चालू करू नये. जर्मेनियमचे आउटपुट ट्रान्झिस्टर नाजूक असतात; ते तापले की त्यांतील प्रवाह वाढतो, प्रवाहामुळे ते आणखी तापतात आणि शेवटी जळतात. आवाज आधीपासूनच क्षीण असेल, तर आतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले असण्याची शक्यता मोठी आहे. एएफ117 किंवा त्या मालिकेतील ट्रान्झिस्टर दिसल्यास आणखी एक गोष्ट तपासावी. त्यांच्या डबीत काळानुसार कथिलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि आतील टोके डबीला चिकटतात. अशा वेळी डबीला जोडलेली चौथी, शील्डची तार कापल्यास ट्रान्झिस्टर बऱ्याचदा पुन्हा चालू लागतो. हे काम मी अनेक रेडिओंवर केले आहे.

खानापूरची_मायनर:
रेडिओवाले काकांनी सांगितलेले सर्व पटते. माझ्याकडे मॉरिस मायनर आहे आणि हा धागा तशा गाड्यांचे मालकही वाचतील, म्हणून एक इशारा देतो. त्या काळातील अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. अशा गाडीत फोन गाडीच्याच चार्जरवर लावून त्याच वेळी त्याची आवाजाची तार रेडिओला जोडली, तर तारेची जाळी एका बाजूला ऋण टोकाशी आणि दुसऱ्या बाजूला बॉडीशी, म्हणजे धन टोकाशी, जोडली जाते आणि बॅटरीचा पूर्ण प्रवाह त्या बारीक तारेतून वाहतो. माझ्या गाडीत ती तार काही क्षणांत वितळली आणि फोन कायमचा बंद पडला. आता जांबोटीच्या रस्त्याला लागताना मी फोन त्याच्या स्वतःच्या बॅटरीवरच ठेवतो. पद्मिनीत ऋण टोक बॉडीला असल्यामुळे हा धोका नाही, तरीही कोणी पूर्वी वायरिंग बदललेले नाही ना, हे मीटरने पाहून घ्यावे.

टिळकवाडीची_पद्मिनी:
दोघांचेही मनापासून आभार. उद्यमबागेतील ओळखीच्या कारागिराकडून रविवारी कळ बसवून घेतली. आतील कपॅसिटर त्यांनी बदलले, पण जुने भाग पाकिटात घालून मला परत दिले. तंबोरा ऐकू येतो. वडील गाडी न हलवता दारातच अर्धा तास ऐकत बसले होते. आता एकच अडचण राहिली आहे: फोन चार्जिंगला लावून इंजिन चालू केले की बारीक शिट्टी येते आणि वंटमुरीच्या चढाला इंजिनाचा वेग वाढेल तशी ती चढत जाते. चार्जिंग काढले की ती थांबते.

निपाणीचा_रेडिओवाला:
मग दोष रेडिओत नाही, दुहेरी अर्थिंगचा आहे. चार्जरची ऋण तार आणि आवाजाच्या तारेची जाळी बॉडीला वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात. त्या दोन जागांमधील विद्युतदाबाचा किंचित फरक इंजिनाबरोबर बदलतो आणि तोच रेडिओतून वाजतो. फोन आणि कळ यांच्या मध्ये 600 ओहमचा एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, म्हणजे आवाज पलीकडे जाईल, पण दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना जोडलेल्या राहणार नाहीत. खानापूरच्या दादांनाही चार्जिंग चालू ठेवायचे असेल, तर त्यांनी हाच उपाय करावा. मात्र त्यांच्या गाडीत फोनचे धातूचे कव्हर किंवा तारेचे उघडे टोक बॉडीला टेकणार नाही, याची काळजी घ्यावी लागेल.

रेडिओ बाहेर काढला होता, तर एरियलचा ट्रिमरही, म्हणजे रेडिओ एरियलशी जुळवणारा छोटा कपॅसिटर, एकदा जुळवून घ्या. इंजिन बंद ठेवा, एरियल पूर्ण वर काढा, 1400 किलोहर्ट्झच्या आसपास अंधूक लागणारे एखादे केंद्र शोधा आणि एरियलच्या सॉकेटजवळील छोटा स्क्रू आवाज सर्वांत मोठा होईपर्यंत हळूहळू फिरवा. त्यानंतर धारवाड लावून वडिलांना ऐकवा.