अनुभव धागा : फेअरफर्डचा एअर टॅटू आणि आसपासची विमान-संग्रहालयं

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरमध्ये फेअरफर्डच्या हवाई तळावर दर जुलैच्या मध्याला रॉयल इंटरनॅशनल एअर टॅटू, म्हणजे लष्करी विमानांच्या उड्डाणांचा आणि प्रदर्शनाचा सोहळा, भरतो. १९७१ साली नॉर्थ वील्डला सुरू झालेला हा सोहळा १९८५ साली फेअरफर्डला आला. २००३ साली इथे ५३५ विमानं जमली होती आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. एरवी हा तळ अमेरिकी हवाई दलाच्या ताब्यात असतो, त्यामुळे वर्षातले हे थोडेच दिवस सामान्य माणसाला आत पाऊल टाकता येतं.

बंगळूरच्या येलहंका तळावरचा एअरो इंडिया हा विमान-सोहळा पाहिलेली बरीच मंडळी आता फेअरफर्डचा विचार करताहेत आणि तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येताहेत. म्हणून हा धागा. प्रवासवर्णन नको. पुढच्या माणसाला हाताशी धरता येईल असं लिहा: आकडे, क्रम, काय चुकतं आणि का चुकतं.

ठाण्याहून : व्हिसा, तिकीट, मुक्काम

तारखा उलट्या मोजत या, म्हणजे गोंधळ होत नाही. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसासाठी प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी अर्ज करता येतो आणि बोटांचे ठसे दिल्यावर निकालाला साधारण तीन आठवडे धरायचे. सोहळा जुलैच्या मध्याला, म्हणजे अर्ज एप्रिलच्या मध्याला. मे-जूनमध्ये सुट्टीवर जाणाऱ्यांची आणि विद्यार्थ्यांची गर्दी असते, तेव्हा ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणणारे अडकतात.

सोहळ्याचं तिकीट आगाऊच घ्यावं लागतं, दारावर मिळत नाही. म्हणजे तिकीट आधी आणि व्हिसा नंतर. ही जोखीम घ्यावीच लागते. ती कमी करायची तर मुक्काम फुकट रद्द करता येईल असाच घ्या, आणि विमानाचं परतावा न मिळणारं तिकीट व्हिसा हातात येईपर्यंत काढू नका.

स्विंडन, सिरेन्सेस्टर इथल्या खोल्या फार लवकर भरतात. ऑक्सफर्ड, ग्लॉस्टर किंवा रेडिंगला राहिलं तरी चालतं, पण मग सकाळचा प्रवास वाढतो. आणि इथे सकाळच महत्त्वाची, का ते पुढे कोणीतरी लिहीलच.

रेडिंगहून : पोचायचं कसं

लंडनच्या पॅडिंग्टनहून स्विंडन रेल्वेने साधारण एक तास. सोहळ्याच्या दिवशी स्विंडनहून तळापर्यंत खास बस सुटतात, त्यांची जागा आधीच राखून ठेवा. रविवारी रुळांच्या दुरुस्तीमुळे गाड्या वळवतात किंवा मधल्या टप्प्यात बस देतात, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक पुन्हा तपासायचं.

गाडी भाड्याने घेणार असाल तर आपल्याकडचा परवाना तिथे बारा महिने चालतो आणि गाडी डावीकडूनच चालवायची असते. अडचण असते ती शेवटच्या दहा-बारा किलोमीटरची. लेचलेड आणि फेअरफर्ड ही लहान गावं, रस्ते एकेरी पदराचे. दार उघडायच्या आधी दीड तास गाडीत असाल तर सुखाने पोचाल. नऊला निघालात तर पहिली दोन उड्डाणं रांगेतूनच ऐकू येतील. संध्याकाळी उड्डाणं संपल्या संपल्या सगळे एकदम बाहेर पडतात. त्या वेळी उभ्या विमानांपाशी थांबा, तासाभरात रस्ताही मोकळा होतो आणि तिरकं ऊनही मिळतं.

बूट चिखलात चालतील असे हवेत. वाहनतळ म्हणजे गवताची शेतं आहेत. २००८ साली पावसाने याच शेतांचा चिखल झाला आणि अख्खा सोहळा रद्द करावा लागला. म्हणून परदेशातून येणाऱ्याने फक्त या तीन दिवसांसाठी प्रवास आखू नये, संग्रहालयांचे दोन-तीन दिवस जोडूनच घ्यावेत.

नाशिकहून : शुक्रवार ते रविवार म्हणजे अर्धाच सोहळा

मुख्य उड्डाणं शुक्रवार, शनिवार, रविवार. पण विमानं बुधवार-गुरुवारी येतात आणि सोमवारी जातात. जाणकार हे दिवस चुकवत नाहीत. प्रदर्शनात नुसती उभी राहणारी मालवाहू विमानं, इंधनवाहू विमानं, टेहळणी विमानं उडताना दिसतात ती याच दिवसांत. या दिवसांसाठी धावपट्टीच्या टोकांजवळ बसून बघायच्या जागांची वेगळी तिकिटं असतात.

जागा पूर्वेकडची घ्यायची की पश्चिमेकडची, हे वाऱ्यावर ठरतं. विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरतं. फेअरफर्डची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि तिथे वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा. म्हणजे विमानं पूर्वेकडून येऊन उतरतात, आणि उतरतानाचे जवळचे फोटो हवेत तर पूर्वेची जागा बरी. वारा फिरला की सगळं उलट.

कोणतं विमान येतंय हे मोबाइलवर पाहताना एक लक्षात ठेवा. विमानांचे ठिपके नकाशावर दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ वर बरीच लष्करी विमानं गाळलेली असतात, एडीएसबी एक्स्चेंजवर जास्त दिसतात. तरीही चार लढाऊ विमानं एकत्र येत असतील तर बहुधा म्होरक्याचाच ट्रान्सपॉन्डर (विमानाची ओळख कळवणारं रेडिओ यंत्र) चालू असतो. पडद्यावर एक ठिपका दिसला तरी कॅमेरा चौघांसाठी तयार ठेवा. आणि एखादं इंधनवाहू विमान समुद्रावरून सरळ येताना दिसलं, तर त्याच्या मागे लढाऊ विमानं असण्याची शक्यता धराच.

ढगांचा अंदाज स्वतः वाचायला शिका. शेजारच्या ब्राइझ नॉर्टन तळाचा हवामान-संदेश इंटरनेटवर मिळतो. त्यात ‘बीकेएन’ या अक्षरांपुढे ०१२ असेल तर १,२०० फुटांवर आकाश बहुतांश झाकलेलं आहे. लढाऊ विमानाच्या वैमानिकाकडे साधारणपणे एकाच कार्यक्रमाच्या तीन आवृत्त्या बसवलेल्या असतात: मोकळ्या आकाशात उभ्या गिरक्यांसह पूर्ण, मध्यम ढगांत फक्त कलाट्यांची, आणि खाली ढग असताना सपाट वळणांची. त्यामुळे सपाट कार्यक्रम पाहून निराश होऊ नका. दमट हवेत जोरदार वळण घेताना पंखांवरचा दाब झपाट्याने उतरतो, हवा थंड होते आणि वाफेची पांढरी चादर पंखांवर उमटते. कोरड्या निळ्या आकाशात ती क्वचित दिसते.

पुण्याहून : कॅमेरा

लेन्स ४०० मिमीपर्यंत किमान, ६०० असेल तर उत्तम. २०१५ साली शोरहॅमच्या सोहळ्यात हॉकर हंटर हे जुनं जेट रस्त्यावर कोसळून ११ माणसं गेली, त्यानंतर ब्रिटनमध्ये प्रेक्षक आणि विमान यांच्यातलं किमान अंतर वाढवण्यात आलं. जुन्या लेखांत ‘३०० मिमी पुरते’ असं असेल तर ते आता धरू नका.

शटरचा वेग विमानाप्रमाणे बदलायचा. जेटला १/१००० ते १/२०००, त्यात शंका नाही. पंख्याच्या विमानाला हाच वेग ठेवला की पंखा गोठतो आणि विमान हवेत टांगल्यासारखं दिसतं. हिशेब सोपा आहे. स्पिटफायर या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं मर्लिन इंजिन मिनिटाला २,६०० फेऱ्यांवर असेल, तर मधल्या गिअरमुळे पंखा साधारण १,२४० फेऱ्या घेतो. १/१००० सेकंदात तो जेमतेम ७ अंश फिरतो, १/२५० मध्ये जवळपास ३० अंश. म्हणून १/२५० पासून सुरुवात करा, हात बसला की १/१६० वर या. चिनूक हेलिकॉप्टरचे रोटर तर मिनिटाला २२५च फेऱ्या घेतात. १/१००० ला पाती सव्वा-दीड अंश हलतात, म्हणजे थांबल्यासारखीच. तिथे १/८० लागतो, तेव्हा कुठे सतरा अंशांचा पट्टा उमटतो. १/८० ला दहातले आठ फोटो हलणार हे धरून चालायचं आणि भरपूर काढायचे.

दुसरी नेहमीची चूक उजेडाची. करड्या आकाशापुढे विमान आलं की कॅमेरा आकाश मोजतो आणि विमान काळं ठिक्कर येतं. एक्स्पोजरला +०.७ ते +१.३ भरपाई द्या, म्हणजे फोटो तेवढा उजळ घ्या. तेच विमान खाली झाडांच्या रेषेपुढे आलं की भरपाई शून्यावर आणा, नाहीतर पांढरा रंग जळतो. भरपाईचं चाक अंगठ्याखाली ठेवून डोळा न काढता फिरवायची सवय घरी करा, जाणाऱ्या-येणाऱ्या घारींवर.

दुपारी धावपट्टीवरच्या तापलेल्या हवेने जमिनीवरचं विमान पाण्यात बुडाल्यासारखं लहरतं. महागडी लेन्सही याला काही करू शकत नाही. अकरा ते चार या वेळात जमिनीवरचे लांबचे फोटो काढूच नका, वर उडणारी विमानं टिपा.

दिवसाला ३,००० फोटो सहज होतात. एक रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, न दाबलेली फाइल) २५ एमबी धरली तर ७५ जीबी. १२८ जीबीचं कार्ड दिवसाला एक, बॅटऱ्या तीन. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, खाली द्यायच्या सामानात चालत नाहीत. प्लग तिथे चौकोनी तीन दांड्यांचे लागतात.

कोल्हापूरहून : मुलं आणि आईवडील सोबत असतील तर

कानांचं आधी बघा. आफ्टरबर्नर (जादा जोरासाठी मागून ज्वाळा काढणारी सोय) लावलेलं जेट नुसतं कानात नाही, छातीत वाजतं. कापूस उपयोगाचा नाही. मोठ्यांना स्पंजचे इअरप्लग चालतात, पण नीट घातले तरच: बोटांत वळून बारीक करायचे, दुसरा हात डोक्यावरून मागे नेऊन कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायचं आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट लावून ठेवायचं. बाहेरून अर्धा प्लग लोंबताना दिसला तर तो बसलेला नाही. लहान मुलांना कानावर बसणारे मफ घ्या आणि घरी आठवडाभर आधी घालायची सवय लावा, नाहीतर ऐन वेळी काढून टाकतात.

जुलैतलं तिथलं ऊन फसवं असतं, वारा गार लागतो आणि मानेची सालं निघतात. टोपी, सनस्क्रीन, घडीचा रेनकोट, घडीची खुर्ची. ज्येष्ठांना रांगेत उभं राहावं लागतं ते स्वच्छतागृहांसाठी, म्हणून उड्डाणं चालू असतानाच एकदा जाऊन यायचं.

खाऊ नेताना मांसाचे आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत हे विसरू नका. पेढे, बर्फी, चक्का घरीच ठेवा. चिवडा, चकली, शेंगदाण्याची चिक्की चालते.

नाशिकहून पुन्हा

एक राहिलं. उभी विमानं सकाळी दार उघडल्यापासूनच्या पहिल्या तासातच पाहून घ्या. दहानंतर दोरीला माणसं लागतात आणि चाकांपासून नाकापर्यंत अख्खं विमान चौकटीत येत नाही. वैमानिक आणि तंत्रज्ञ विमानापाशीच असतात, विचारलं की मनापासून सांगतात. त्यांच्याकडे पथकाचे कापडी पॅच विकत मिळतात, थोडे सुटे पौंड खिशात असू द्या.

लंडनहून : संग्रहालयं

केंब्रिजजवळच्या डक्सफर्डच्या संग्रहालयाला पूर्ण दिवस द्या. लिव्हरपूल स्ट्रीटहून व्हिटल्सफर्ड पार्कवेपर्यंत रेल्वे, पुढे टॅक्सी. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं अंतर बरंच आहे, आणि अमेरिकन एअर म्युझियमची इमारत दूरच्या बाजूला. म्हणून आधी तिथे जा आणि उलटे परत या. तिथलं एसआर-७१ हे अतिवेगवान टेहळणी विमान अमेरिकेबाहेर ठेवलेलं एकमेव. याच विमानाने जुलै १९७६ मध्ये २५,९२९ मीटर उंचीचा विक्रम केला होता. बी-५२ या अजस्र बॉम्बरच्या पंखाखाली उभं राहून त्याच्याकडे बघा, दोन्हींमधला फरक आकड्यांपेक्षा लवकर कळतो. डक्सफर्डच्या उड्डाण-सोहळ्यांत मात्र प्रेक्षकांचं तोंड दक्षिणेला असतं, म्हणजे दिवसभर ऊन समोरून. तिथे वरची +१.३ ची भरपाई नेहमीसाठीच धरा.

कॉसफर्डच्या संग्रहालयाला जायचं तर वुल्व्हरहॅम्प्टनहून श्रुसबरीकडे जाणारी गाडी पकडा, स्टेशन संग्रहालयापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. प्रवेश मोफत. व्हॅलियंट, व्हिक्टर आणि व्हल्कन ही ब्रिटनची तिन्ही अणुबॉम्बवाहू विमानं एकत्र पाहायला मिळतात ती फक्त इथेच. रद्द झालेल्या टीएसआर-२ या ब्रिटिश लष्करी जेटचा एक नमुना इथे आहे, दुसरा डक्सफर्डला.

लंडनमधलं हेंडनचं संग्रहालयही मोफत. नॉर्दर्न लाइनवर कॉलिंडेलला उतरायचं. इथल्या लिबरेटर बॉम्बरपाशी मराठी माणसाने जरा जास्त वेळ थांबावं. महायुद्ध संपल्यावर कानपूरला अशी विमानं जाणूनबुजून मोडतोड करून टाकून दिली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टने त्यातली चाळीसच्या आसपास दुरुस्त करून उडवली, आणि भारतीय हवाई दलाच्या सहाव्या पथकाची लिबरेटर पुण्याहून समुद्रावर टेहळणीसाठी जात. १९६८ पर्यंत ती सेवेत होती. हेंडनचं हे विमान भारताने १९७४ साली दिलं. वाकून पोटाकडे बघा: बॉम्बकप्प्याची दारं बाहेर उघडत नाहीत, दुकानाच्या शटरसारखी अंगावरून वर सरकतात, म्हणजे उडताना हवेचा अडथळा होत नाही. दालन अंधारं आहे. १४ ते २४ मिमीची लेन्स, आयएसओ ३२००, कोपर कठड्याला टेकवून १/३०.

पुण्याहून पुन्हा

मला एकाने व्यक्तिगत संदेशात रेडिओ स्कॅनरबद्दल (वैमानिकांचं बोलणं ऐकायच्या संचाबद्दल) विचारलं आहे. नेऊ नका. ब्रिटनमध्ये सोहळ्यात पुष्कळ लोक विमानांचं बोलणं ऐकताना दिसतात, पण कायद्याने ते मान्य नाही, आणि आपल्याकडे असा संच परवान्याशिवाय आणता येत नाही. फोटोंचे नियमही देशागणिक वेगळे. २००१ साली ग्रीसमध्ये कलामाटाच्या तळावर टिपणं घेणाऱ्या १४ ब्रिटिश आणि डच छांदिष्टांना हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलं होतं. अपिलात सुटायला त्यांना वर्ष लागलं. त्यामुळे ब्रिटनला जोडून दुसरा देश करणार असाल तर तिथले नियम आधी वाचा. आणि परतीचं विमान पुण्याला उतरणार असेल तर कॅमेरा आधीच बॅगेत टाका. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, खिडकीतून सुखोई दिसलं तरी फोटो काढायचा नाही.