शाळेतील मुलांना सूर्यग्रहण सुरक्षितपणे कसे दाखवावे?

प्रश्न – शिक्षिका, गुहागर तालुका

२ ऑगस्ट २०२७ रोजी, दीप अमावास्येच्या सोमवारी, सूर्यग्रहण आहे. इजिप्तमध्ये ते खग्रास दिसणार असले तरी आपल्या किनाऱ्यावर ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल. मी प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांना वर्गात कोंडून ठेवण्यापेक्षा ग्रहण दाखवावे असे मला मनापासून वाटते, परंतु पालक जे उपाय सुचवतात त्यांची धास्ती वाटते. परातीत हळदीचे पाणी घालून त्यातले प्रतिबिंब पाहावे, असे वडीलधारी माणसे सांगतात. कोणी एक्स-रेची फिल्म देऊ करतात, कोणी काजळी धरलेली काच. शाळेच्या कपाटात २०१९ च्या ग्रहणाच्या वेळचे कागदी चष्मेही पडून आहेत. यांपैकी काय वापरावे?

उत्तर – नेत्रतपासनीस, रत्नागिरी

बाई, आपण वेळेवर विचारलेत हे फार बरे झाले. डोळे दिपले नाहीत म्हणजे धोका नाही, असे माणूस धरून चालतो आणि तिथेच घात होतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. ज्या मध्यबिंदूने आपण अक्षरे वाचतो आणि चेहरे ओळखतो, नेमकी त्याच जागी सूर्याची प्रतिमा पडते. तिथल्या पेशींना प्रखर प्रकाशाने होणारी इजा त्या क्षणी जाणवत नाही, आणि काही तासांनी, पुष्कळदा दुसऱ्या दिवशी सकाळी, नजरेच्या मधोमध धूसर डाग दिसू लागतो. मुलांच्या डोळ्यांचे भिंग अधिक नितळ असल्यामुळे त्यांच्या बाबतीत जास्तच जपावे लागते.

आता परातीचे पाहू. ग्रहणाच्या चष्म्यातून सूर्यप्रकाशाचा साधारण तीन लाखांतला एखादाच भाग आत येतो. पाण्यावरून मात्र शंभरातले निदान दोन भाग परावर्तित होतात, आणि सूर्य कलला की त्याहूनही जास्त. म्हणजे परातीतला सूर्य चष्म्यातून दिसणाऱ्या सूर्यापेक्षा हजारो पटींनी प्रखर असतो. हळदीने पाणी गढूळ झाले तरी पृष्ठभागावरची चकाकी जात नाही. एक्स-रेची फिल्म, काजळीची काच, सीडी आणि साधे गॉगल यांनी झगमगाट कमी होतो, पण डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण त्यांतून येऊ शकतात. शिवाय झगमगाट कमी झाल्यामुळे मूल अधिक वेळ टक लावून पाहते, आणि मला त्याचीच सर्वांत जास्त भीती वाटते.

जुन्या चष्म्यांवर आयएसओ १२३१२-२ हे मानक छापलेले आहे का, ते प्रथम पाहावे. नुसत्या छाप्यावर विसंबू नये. आपल्याकडच्या दमट हवेत फिल्म पुठ्ठ्यापासून सुटते, तिच्यावर बुरशीचे ठिपके पडतात, घडीवर चीर जाते. चष्मा लावून खोलीत पाहावे: खिडकी, भिंत, माणसे यांपैकी काहीही दिसता कामा नये. बारीकशी टाचणीएवढी चीर आढळली तरी तो चष्मा कात्रीने कापून टाकावा, म्हणजे तो पुन्हा कोणाच्या हाती लागणार नाही.

उत्तर – वेल्डिंग कारखानदार, चिपळूण

ग्रहण जवळ आले की आमच्याकडे लोक काच मागायला येतात, म्हणून लिहितो. कारखान्यात रोजच्या कामाला वापरतात ती काच बहुधा १० किंवा ११ क्रमांकाची असते. ती सूर्यासाठी पुरेशी नाही. १४ क्रमांकाची काच लागते आणि ती मुद्दाम मागवावी लागते. दोन फिक्या काचा एकावर एक ठेवून काम भागवू नये. आपोआप काळे होणारे हेल्मेटही या कामाचे नाही.

उत्तर – हौशी आकाशनिरीक्षक, दापोली

माझे मत असे आहे की लहान मुलांना सूर्याकडे पाहायला लावण्याची गरजच नाही. कौलारू घरात जमिनीवर पडणारे गोल कवडसे म्हणजे सूर्याच्याच प्रतिमा असतात. ग्रहण लागले की त्या साऱ्या कोरीच्या आकाराच्या होतात. फणसाच्या झाडाखाली किंवा पिठाच्या चाळणीच्या सावलीतही तेच दिसते.

वर्गासाठी हातात मावेल असा आरसा घ्यावा, त्यावर जाड कागद चिकटवावा आणि कागदाला मध्यभागी साधारण पाच-सहा मिलिमीटरचे भोक ठेवावे. आरसा उन्हात पक्का टेकवून कवडसा अंधाऱ्या वर्गाच्या भिंतीवर पाडला की दहा मीटर अंतरावर सुमारे नऊ सेंटिमीटरचा सूर्य उमटतो आणि त्याची कड खाल्ली जाताना साऱ्या वर्गाला एकदम दिसते. आरशाजवळ मोठे माणूस उभे ठेवावे, कारण आरशात डोकावणे हे सूर्याकडे पाहण्यासारखेच आहे. आणखी एक: ग्रहणाचा चष्मा लावून दुर्बिणीतून कधीही पाहू नये. दुर्बिणीने एकवटलेला प्रकाश चष्म्याची फिल्म जाळून थेट डोळ्यात जातो.

शिक्षिका, गुहागर तालुका

आरशाची युक्ती उत्तम वाटते; व्हरांडा पश्चिमेला असल्याने सोयही होईल. परंतु ऑगस्ट म्हणजे भर पावसाळा. पातळ ढगातून सूर्य चंद्रासारखा फिका दिसतो, तेव्हा चष्म्याविना पाहिले तर चालेल का?

उत्तर – नेत्रतपासनीस, रत्नागिरी

नाही चालणार. ढग एका क्षणात विरळ होतो, आणि अंधारात रुळलेल्या डोळ्यांवर पूर्ण प्रखर ऊन पडते. खंडग्रास ग्रहणात सूर्य पूर्ण झाकला जात नाही, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी पाहता येईल असा एकही क्षण त्यात नसतो. चष्म्यातून सूर्य दिसत नसेल तर त्या वेळी ग्रहण दिसत नाही, एवढेच समजावे. मुलांना मान खाली घालून चष्मा लावायला आणि पुन्हा मान खाली घालूनच तो काढायला शिकवावे; नंबरचा चष्मा असल्यास हा त्यावरून लावावा.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या चौकटीच्या वहीचे पान प्रत्येक मुलासमोर धरून एकेका डोळ्याने पाहायला सांगावे. रेषा वाकड्या दिसत असतील किंवा मधल्या चौकटी पुसल्यासारख्या वाटत असतील, तर दुकानातून थेंब आणून न घालता नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. या इजेवर खात्रीचा उपचार नाही. काही महिन्यांत अनेकांची नजर बरीच सुधारते, पण काहींचा डाग कायम राहतो.