डेव्हन बेटावर माणूस राहत नाही, मग शास्त्रज्ञ तिथं काय शोधतात?

पैनगंगाकाठ (मेहकर तालुका)

सातवीच्या वर्गात नकाशा घेत होतो. कॅनडाच्या पार उत्तरेला डेव्हन नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ५५,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या विदर्भाच्या निम्म्याहून जास्त, आणि कायमची वस्ती शून्य. जगातलं सगळ्यात मोठं निर्मनुष्य बेट. मागच्या बाकावरचं एक पोरगं उठून म्हणे, "सर, तिथं शेती नाही, गाव नाही, तर शास्त्रज्ञ कायले जातात?" मंगळाची तालीम करायला जातात, एवढं सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही, माझंही नाही. लोणारला अभ्यासकांसोबत फिरलेलं कोणी इथं असेल तर पोरांना कळेल असं सांगा.

विवरवाटाड्या (लोणार)

गुरुजी, त्या पोराला सांगा, शेती नाही अन् गाव नाही म्हणूनच जातात.

मी शेती सांभाळून अभ्यासकांना विवराच्या धारेवरून फिरवतो. त्यांना सगळ्यात आधी हवा असतो उघडा खडक. आपल्याकडे एक पाऊस झाला की धार गवता-झुडपांनी झाकून जाते, बाहेरच्या उतारावर तर शेतंच आहेत. डेव्हनवर हॉटन नावाचं असंच उल्कापाताचं विवर आहे. आपलं पावणेदोन-दोन किलोमीटरचं, ते सुमारे २३ किलोमीटरचं. तिथं उन्हाळ्यात वरची जमीन थोडी वितळते, खालची कायम गोठलेली. झाड एकही नाही. धक्क्यानं फुटलेला खडक अजून तसाच उघडा पडून आहे.

मंगळाची तालीम खरीच आहे. १९९७ पासून तिथं नासाच्या पाठबळानं हॉटन-मार्स प्रकल्प चालतो. रोव्हर, जमिनीत छिद्र पाडायची यंत्रं, अंतराळवीरांचे पोशाख तिथं वापरून बघतात. २००० मध्ये मार्स सोसायटी नावाच्या संस्थेनं विवराच्या काठावर राहायला एक ठाणंही उभारलं. अस्वलांच्या भीतीनं बाहेर पडताना बंदूक सोबत ठेवतात. पोरांना हे आवडेल, पण मला विचाराल तर खरा ऐवज खडकात आहे.

तिथला एक खडक आहे, नाईस म्हणतात त्याला. मुळात घट्ट. उल्केच्या दणक्यानं तो सच्छिद्र झाला अन् त्यातून थोडा उजेड आत जायला लागला. आता त्या खडकाच्या आत, पृष्ठभागाखाली, उजेडावर जगणारे सूक्ष्मजीव राहतात. बाहेर गोठवणारा वारा, आत आडोसा. जिथं सगळं जळून गेलं असेल असं आपण धरून चालतो, तिथं त्या दणक्यानंच घर तयार करून दिलं! मंगळावर जीव शोधायचा तर कुठल्या दगडात बघावं, हे अशा दगडावरून कळतं. मला हे पहिल्यांदा एका अभ्यासकानं धारेवर बसून समजावलं तेव्हापासून मी आपल्या दगडांकडेही वेगळ्या नजरेनं बघतो.

दुसरं, त्या विवरात पुढं तळं साचलं, आपल्यासारखंच. त्या गाळात दोन कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचे प्राणी दबले. २००७ मध्ये संशोधकांच्या गाडीचं इंधन संपलं, ते तिथंच अडकले अन् त्याच जागी हाड सापडलं. सील या समुद्रातल्या प्राण्याचा जुना भाऊबंद निघाला तो, पुइजिला नावाचा. चार पायांनी चालणारा, लांब शेपटीचा, बोटांमध्ये पडदे असलेला. तिथं गेंडासुद्धा सापडलाय! त्याच्या दाताच्या कवचातून प्रथिनं मिळाल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं. एवढी जुनी प्रथिनं टिकली ती थंडीमुळे.

शिवारकर (यवतमाळ)

भाऊ, माहिती मस्त हाय. पण सरळ इचारतो. तिकडं एवढा पैसा लावून रायले अन् इकडं उन्हाळ्यात विहिरीले पाणी रायत नाई. गेंड्याच्या दातानं आमाले काय भेटते?

विवरवाटाड्या (लोणार)

दादा, पाण्याचं दुखणं खरं आहे, हॉटनवरून त्याला उत्तर मिळणार नाही. तसं मी म्हणणारही नाही.

पण आपल्या उशाशी काय आहे ते बघा. हॉटन चुनखडीसारख्या थरांवर पडलेलं, लोणार बेसाल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या आपल्या काळ्या दगडावर, अन् मंगळाचं कवचही बेसाल्टचंच. १९७३ मध्ये लोणारच्या खडकात मास्केलिनाइट सापडल्याचं प्रसिद्ध झालं. उल्केच्या दणक्यासारख्या प्रचंड धक्क्यानं स्फटिकाची झालेली काच ती. तेव्हा हे ज्वालामुखीचं तोंड नाही हे पक्कं झालं. असे पुरावे सभोवार उडालेल्या मलब्यातही असतात, अन् तो मलबा आपल्या शेतांखाली आहे. भरावाला मुरूम म्हणून तो उकरला जातो ते पाहून माझा जीव तुटतो. डेव्हनला थंडी राखणदार आहे. इथं आपल्याशिवाय कोणी नाही.

खडकवेडी (नागपूर)

एमएस्सीला भूशास्त्र आहे माझं. वरचं सगळं बरोबर. फक्त गुरुजी, 'निर्मनुष्य' सांगताना तिथं कधीच कोणी नव्हतं असं पोरांना वाटू देऊ नका. इनुइट म्हणजे तिकडच्या बर्फाळ प्रदेशातले मूळ रहिवासी, त्यांच्या पूर्वजांच्या वस्तीच्या खुणा तिथं आहेत. १९३४ मध्ये बाफिन बेटावरच्या इनुइट कुटुंबांना डेव्हनच्या दक्षिण किनाऱ्यावर, डंडस हार्बरला नेऊन ठेवलं आणि दोनच वर्षांत ती वसाहत मोडली. बेट रिकामं आहे त्यात हाही इतिहास आहे. शिवाय पूर्वेकडचा मोठा बर्फाचा थर विसरू नका. १९७० च्या दशकात त्यातून खोलवरचे नमुने काढले, जुनं हवामान त्यात वर्षावर्षाच्या थरांनी साठलेलं असतं.

पैनगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. पोरांना लोणारला आणायचं ठरवतोय. मलबा दाखवाल का? कधी येऊ?

विवरवाटाड्या (लोणार)

या की. पावसाळ्यात नको, गवतात काही दिसत नाही. फेब्रुवारीत या, सकाळी लवकर. अभयारण्य आहे, म्हणून खाली उतरायचं तर वनविभागाकडं आधी विचारून ठेवा. एक-दोन भिंगं आणा. अन् पोरांना आधीच बजावा, दगड बघायचा, हातात घ्यायचा, परत त्याच जागी ठेवायचा.